खिडकीतल्या तीन बोटी

आमच्या स्टुडिओत बाहेरचं काही येत नाही. येऊ नये म्हणूनच तर तो तसा बांधलाय. भिंतींना जाड अस्तर, दाराला दुहेरी फळ्या, जमिनीवर गालिचा, आणि खिडकी नाहीच. तरी गेल्या मंगळवारी चारच्या कार्यक्रमासाठी मी हेडफोन चढवले आणि नाकात सुक्या बोंबलांचा वास शिरला. नव्या बोंबलांचा, दोन-तीन दिवस चांगलं ऊन खाल्लेल्या. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या लताताईंनी सकाळी बाजारातून घेतलेली पिशवी घरी जाईपर्यंत सांभाळायला म्हणून कपाटामागे ठेवली होती. काचेपलीकडे बसून यंत्रं सांभाळणारा राजेश नाक दाबून आत आला. "मॅडम, ये क्या सड़ रहा है?"

"सड़ नहीं रहा, सूख रहा है," मी म्हटलं. तो मूळचा गोरखपूरकडचा, त्याला हा फरक दहा वर्षांत कळला नाही. मला तरी कुठे लवकर कळला होता.

म्हणजे हंगाम आला. दिवाळी उरकून ऊन कोरडं झालं, उत्तरेकडचा वारा सुटला, की एडवणपासून मुरब्यापर्यंत किनाऱ्यावरच्या गावांत वलांड्या उभ्या राहतात. बांबू रोवायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या, एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, सुई नाही. हजारो बोंबील एकमेकांना धरून वाऱ्यावर हलत असतात. बोईसरला आम्हाला यातलं काही दिसत नाही. इथे हंगाम कळतो तो पिशवीतून.

मी बोईसरच्या एका छोट्या सामुदायिक रेडिओवर बोलते. आमचा आवाज फार लांब जात नाही. पण तेवढ्या टप्प्यात कारखान्यातले कामगार येतात, अणुवीज प्रकल्पाच्या वसाहतीतली माणसं येतात, भाताच्या खाचरांवरची येतात आणि किनाऱ्यावरचीही. मी स्वतः वसाहतीतली. वडील सांगलीकडून प्रकल्पात नोकरीला आले आणि इथलेच झाले. पण वसाहतीचं एक असतं, की समुद्र चार पावलांवर असूनही तो फिरायला जाण्यापुरता असतो. भरती किती वाजता, हे मला कधी ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजच पडली नव्हती.

माझा आवाज चांगला आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. बंद खोलीत हेडफोन लावून बसलं की स्वतःचाच आवाज कानात इतका जवळून येतो की माणूस हळूहळू त्याच्या प्रेमात पडतं. मग शब्द लांबवावेसे वाटतात. "श्रोतेहो" म्हणताना मी अशी काही रेंगाळायचे, की माझी आई एकदा म्हणाली होती, "अगं, तेवढ्यात माझा कुकर झाला." मी ते कौतुक म्हणून घेतलं होतं.

तर एका पावसाळ्यात या स्टुडिओच्या भिंतींत पाणी उतरलं. अस्तर कुजलं, बुरशीचा वास सुटला. दुरुस्तीला होळी उजाडणार होती. आमचे केंद्रप्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, त्यांनी जागा शोधायला सुरुवात केली आणि त्यांना सापडली ती थेट मुरब्याला. खाडीच्या तोंडाशी एक बंद पडलेलं बर्फाचं गोदाम होतं. भिंती हातभर जाड, म्हणून सर खूश. त्याच्या माडीवर आम्ही टेबल मांडलं, भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि आवाज इंटरनेटवरून बोईसरच्या मनोऱ्याकडे धाडायला लागलो. कामचलाऊ मामला होता. सरांच्या लक्षात न आलेल्या गोष्टी दोन. एक म्हणजे माडीला खाडीकडे एक मोठी खिडकी होती आणि तिची झडप खाऱ्या हवेनं गंजून उघडी ती उघडीच राहिली होती. दुसरी म्हणजे माडी रिकामी नव्हती.

गोदाम हिरामावशींच्या घरचं. वय सत्तरीला टेकलेलं, पाठ ताठ, आवाज खणखणीत, आणि दिवसातून दहा वेळा येणारा कोरडा खोकला. दुपारी वलांड्यांवरचं काम उरकलं की मावशी आणि आणखी चार-पाच बायका जवळा निवडायला त्या माडीवर बसायच्या. वर्षानुवर्षांचा रिवाज. रेडिओ आला म्हणून तो मोडायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. पहिल्या दिवशी मी आदबीनं सांगितलं, "मावशी, आता अर्धा तास इथे शांतता लागेल."

"तू बोल ना," मावशी सूप हलवत म्हणाल्या. "आमी काय तुजं तोंड धरलंय?"

मी बोलले. समोर सुपांची सळसळ चालू होती. कार्यक्रम संपल्यावर कारखान्यातल्या एका श्रोत्याचा फोन आला, तिकडे पाऊस पडतोय का म्हणून. डिसेंबरात. राजेशनं कपाळावर हात मारला. पण झडप लागत नव्हती आणि बायका उठत नव्हत्या, तेव्हा दोघांशीही जमवून घेणं आलं.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, बोलायला मी त्या माडीवर शिकले. कोणी शिकवलं नाही. खोलीनं शिकवलं. बंद स्टुडिओत वाक्य कितीही लांबलं तरी अडवणारं कोणी नसतं. इथे माझं वाक्य तिसऱ्या वळणाला गेलं की हिरामावशी शेजारणीशी बोलायला लागायच्या. उद्धटपणा नव्हता त्यात. ऐकण्यासारखं संपलं, एवढंच. मग मी घाईघाईनं वाक्याला पूर्णविराम द्यायचे. पंधरा दिवसांत माझी वाक्यं निम्मी झाली. "श्रोतेहो" तर गळूनच पडलं, कारण समोर श्रोते नव्हते, मावशी होत्या. आरोग्यावर काही सांगताना "आहारात लोहाचे प्रमाण" म्हटलं की पाच चेहरे एकदम कोरे होत आणि मला तिथल्या तिथे दुसरा शब्द शोधावा लागे. पायांखालची फरशी गार होती. बर्फ जाऊन वर्षं झाली, तरी गारवा राहिला होता. म्हणून मी खुर्चीवर मांडी घालून बसायचे. मांडी घालून बसलेल्या माणसाला भाषणी आवाज काढताच येत नाही. करून बघा.

आईनंच पुन्हा ओळखलं. म्हणाली, "हल्ली तू कोणाशीतरी बोलतेस. आधी वाचायचीस."

आणि ती खिडकी. टेबल असं होतं की मान वर केली की खाडी. पलीकडे सातपाटी, मध्ये पाणी, अलीकडे वलांड्या. भरतीच्या पाण्यावर बोटी आत यायच्या. एके दिवशी बोलता बोलता मान वर गेली आणि तोंडून निघून गेलं, "खिडकीतून मला दोन बोटी आत येताना दिसताहेत." कागदावर असलं काही नव्हतं. डोळ्यांनी पाहिलं, जिभेनं सांगितलं. कार्यक्रम संपतो न संपतो तोच तीन बायका पाट्या घेऊन खाडीवर हजर. त्यांनी घरी रेडिओवर ऐकलं होतं म्हणे. मग तो नेमच झाला. बोटी दिसल्या तर मी सांगायचे, नाही दिसल्या तर "अजून काही नाही" असंही सांगायचे. बाकी कार्यक्रमाचं काय व्हायचं ते होवो, त्या एका वाक्यासाठी लोक कान टवकारायला लागले.

त्यांतच पार्वतीबाई होत्या. वाणगावच्या अलीकडे एका पाड्यावर राहायच्या. खाडीवर मासळी घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी डोक्यावर घेऊन पाड्यापाड्यांतून विकायच्या. घर लांब. एक एसटी, मग रिक्षा, मग चाल. बोटी येण्याच्या खूप आधी येऊन वाळूत ताटकळायचं, नाहीतर उशिरा येऊन उरलंसुरलं उचलायचं, असा त्यांचा जन्म गेला होता. पाड्याजवळच्या नाक्यावर त्या मोबाइलवर माझा कार्यक्रम लावून उभ्या राहायच्या. मी बोटी दिसताहेत म्हटलं की समोरची एसटी पकडायच्या. एकदा माडीवर येऊन त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तूच काय ती?" त्या म्हणाल्या. "तुज्यामुलं माजी दोन तासाची उनातली खोटी वाचते." आणि ओंजळभर बोरं टेबलावर ठेवली. मला आजवर मिळालेलं ते सगळ्यात मोठं मानपत्र. बोरं खाल्ली, बिया कितीतरी दिवस पेनांच्या डब्यात पडून होत्या.

त्याच महिन्यात सांगलीला चुलतबहिणीचं लग्न निघालं. तीन दिवस जायचं होतं. आमच्याकडे असं असलं की आधी ध्वनिमुद्रण करून ठेवतात, त्यात गैर काही नाही. सोमवारी दुपारी मी माडीवर बसले आणि मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तिन्ही भाग एका बैठकीत बोलून टाकले. मटाराची उसळ, लसीकरण, दहावीचे अर्ज, सगळं व्यवस्थित. समोर मावशी, सुपं, खोकला, नेहमीसारखं. आणि समोर खिडकी. तिन्ही भागांत बोलता बोलता माझी मान वर गेली. तिन्ही भागांत मी म्हणाले, "खिडकीतून मला तीन बोटी आत येताना दिसताहेत." त्या दुपारी येतच होत्या. मी खोटं बोलले नाही. मी फक्त सोमवारी खरं बोलले आणि ते गुरुवारपर्यंत वाजत राहिलं.

किनाऱ्यावरच्या पोरालाही कळतं की भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. सोमवारी चारला आलेलं पाणी गुरुवारी सहा वाजून गेले तरी यायचं असतं. वसाहतीत वाढलेल्या मला हे कळलं नाही. मंगळवारी फरक थोडा होता, खपून गेला. बुधवारी चार बायका वाळूत बसून कंटाळल्या. गुरुवारी पार्वतीबाई एसटीनं आल्या, खाडीचा चिखल उघडा पडलेला पाहिला आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिल्या. बोटी आल्या तेव्हा परतीची शेवटची गाडी निघून गेली होती. मासळी न घेता कोणाच्यातरी टेम्पोतून त्या नाक्यापर्यंत गेल्या आणि पुढे अंधारात चालत.

शुक्रवारी मी लग्नाचे लाडू घेऊन माडी चढले. बायका बसल्या होत्या. कोणी मान वर केली नाही. लाडवांचा डबा मी मध्ये ठेवला, तो तसाच राहिला.

"काय झालं मावशी?"

"तीन दिस मी रेडिओवर खोकते हाय," हिरामावशी म्हणाल्या. सूप चालूच. "घरी चुलीपाशी बसलेली मी, न तिकडं रेडिओत पन मीच. पयल्या दिशी हसले. मंग बोटी आयकल्या. बाय गो, पानी कालचं आज नसतं."

पार्वतीबाईंचं त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, "पण मावशी, भरती सरकते हे त्यांना तर माहीत असेल ना?" हे वाक्य मला आजही टोचतं. स्वतःची चूक निस्तरायला माणूस किती चपळाईनं दुसऱ्याकडे धावतं.

"तिला मायती हाय," मावशी म्हणाल्या. "ती मला बोलली ना. बोलली, पानी यायला टायम हाय ते मला कलत व्हतं. पन ती पोर डोल्यांनी बगून बोलते. आल्या असतील लवकर, म्हनून निंगाले."

मला लाज वाटली. साधी, कान तापवणारी लाज. एका बाईनं चाळीस वर्षांची स्वतःची पाण्याची ओळख बाजूला ठेवली होती माझ्या एका वाक्यासाठी, आणि मी ते वाक्य डब्यात भरून ठेवून लग्नाला गेले होते.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, एवढं काय, लेखी तक्रार आलेली नाही. तरी त्या दिवशी चारला मी पहिलं तेच बोलले. मंगळवार ते गुरुवार मी इथे नव्हते, तुम्ही ऐकलं ते सोमवारचं होतं, बोटींचं मी सांगायला नको होतं, ज्यांची खोटी झाली त्यांची मी माफी मागते. मावशींनी सूप खाली ठेवलं तेवढ्यापुरतं. मग पुन्हा उचललं. शनिवारी त्यांनी लाडू खाल्ला. म्हणाल्या, बेसन भाजायला कमी पडलंय. माडीवर माझं मिटलं होतं.

पार्वतीबाईंचं मिटलं नाही. खाडीवर त्या येत राहिल्या, मला खिडकीतून दिसायच्या. पाटी बाजूला, पदर डोक्यावर, पाण्याकडे तोंड. पूर्वीसारख्या दोन-दोन तास आधी येऊन बसलेल्या. एकदा मी खाली उतरून गेले. माफी मागितली. त्या काही रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुजं काय नाय गो," त्या म्हणाल्या. "तू चांगली हायस. मीच आता बगून निंगते."

"रेडिओ ऐकता ना?"

"नाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागल्या. मी शेजारी थोडा वेळ बसले. ऊन मानेवर चटकत होतं. दोन तास म्हणजे काय, ते मला तेव्हा पंधरा मिनिटांत कळलं.

होळीला स्टुडिओ दुरुस्त झाला आणि आम्ही परत आलो. छान झालाय, नाही म्हणायला जागा नाही. बोईसरच्या हवेत संध्याकाळी जो एक उग्र दर्प तरंगतो तोही आत येत नाही. पाळी सुटल्याचा भोंगा येत नाही, रिक्षावाल्यांची भांडणं येत नाहीत. खिडकी नाही म्हणून सरांनी समोरच्या भिंतीवर समुद्राचं मोठं चित्र लावलंय. निळंशार पाणी, दोन शिडं. बोलता बोलता माझी मान अजूनही वर जाते आणि चित्रावर आपटून खाली येते. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की माझी वाक्यं पुन्हा लांबायला लागली आहेत. "श्रोतेहो"सुद्धा दाराशी येऊन उभं होतं. मी घाबरले. खोली आपल्याला असं गुपचूप बदलते. आपण समजतो, बोलतो ते आपण. अर्धं तर भिंती बोलत असतात.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. माईक सुरू झाला की आधी सांगायचं, मी कुठे बसलेय आणि मला काय दिसतंय. "मी बोईसरला आहे. बंद खोलीत. इथून मला बाहेरचं काही दिसत नाही." सरांना हे आवडत नाही. ते म्हणतात, हॉटेलात गेल्यावर वाढपी कधी सांगतो का, की मी हे चाखलेलं नाही? मी म्हणते, सांगायला हवं. ते हसतात आणि सोडून देतात. ध्वनिमुद्रण केलेलं असलं तर कोणत्या दिवशी केलं तेही मी सांगते. लोकांना सवय झाली आहे. कोणी ऐकून सोडून देत असतील, कोणी हसत असतील. मी ते ज्यांच्यासाठी सांगत होते त्या ऐकत नाहीत, हे मला माहीत होतं. दोन हंगाम गेले असेच.

या गुरुवारी बोंबलांची पिशवी घरी गेलेली असूनही खोलीत वास रेंगाळत होता. चार वाजले. मी सांगितलं, मी बोईसरला आहे, बंद खोलीत. हंगाम सुरू झालाय एवढं मला वासावरून कळलंय. खाडीवर बोटी आल्यात की नाही ते मला माहीत नाही. कोणाला दिसत असेल तर फोन करा.

हे शेवटचं वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. नंबर सांगितला, एक गाणं लावलं. गाणं संपता संपता राजेशनं काचेपलीकडून हात केला. फोन होता.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी पार्वती. मुरब्याला हाय, खाडीवर."

मी हेडफोन घट्ट दाबून धरले. "पार्वतीबाई, तुम्ही रेडिओ…"

"हिरा बोलली, ती पोर आता दिसत नाय ते पन सांगते. म्हनून चार दिस आयकते हाय." मागे वाऱ्याचा आवाज होता, कुठेतरी बायका बोलत होत्या. "तुला तिथून दिसत नाय. मंग मी सांगते."

"सांगा ना. बोटी आल्या?"

"थांब."

त्या थांबल्या. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. तीन सेकंद गेले की माणसं स्टेशन बदलतात, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. राजेश पलीकडून दोन्ही हात हलवत होता, बोला, काहीतरी बोला. फोनमध्ये नुसता वारा. त्यांच्या जागी मी असते तर म्हणाले असते, येतच असतील, येतील एवढ्यात. त्या काही म्हणाल्या नाहीत. मीही नाही. तालुक्यातली सगळी घरं, नाके, कारखान्यांचे दरवाजे माझ्याबरोबर एका बाईच्या डोळ्यांसाठी थांबले होते आणि मला जराही घाई नव्हती.

"आली," पार्वतीबाई म्हणाल्या. "आता दिसली. आता सांग सगल्यांना."